किती लक्षात ठेवायचं?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटरच्या मुलांना ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ नावाचा विषय असतो. मुलं त्याला टीओसी म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. डेटाबेस शिकला की मुलाखतीतल्या दोन प्रश्नांची सोय होते, वेब शिकलं की घरच्यांना मोबाइलवर काहीतरी दाखवता येतं. टीओसीत नुसते गोल आणि बाण काढून वह्या भरायच्या आणि सेमिस्टर संपवायचं. सीनिअर मुलं सांगतात, ‘मशीन काढायला शीक, पासिंग कुठं जात नाही.’ सल्ला व्यवहाराला धरून आहे. तो पाळणारे पास होतात. आपण नक्की काय शिकलो हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येतं.

पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी शिकवायला आले तेव्हा हा विषय माझ्या गळ्यात पडला. आमचं कॉलेज सोलापूरकडे, हायवेला लागून. मुलं उसाच्या आणि डाळिंबाच्या पट्ट्यातली, बरीचशी मराठी माध्यमातली किंवा सेमी-इंग्लिशची. नव्या माणसाला टीओसी द्यायचं आणि पायथन, मशीन लर्निंग जुन्यांनी आपल्याकडे ठेवायचं, अशी रीतच होती. आता लोड वाटपाची बैठक झाली की मीच आधी टीओसी मागून घेते. कोणी भांडायला येत नाही.

मागून घेते, कारण या विषयात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच प्रश्न आहे, आणि तो मला नोकरीत रोज पडायचा. आतापर्यंत जे काही येऊन गेलं त्यातलं किती लक्षात ठेवलं म्हणजे पुढचं काम अडणार नाही? बाकी सगळं खुशाल विसरायचं.

पहिल्या तासाला मी फळ्यावर व्याख्या लिहीत नाही. तीन मुलांना पुढे उभं करते. एकाच्या हातात चिठ्ठी ‘बाकी शून्य’, दुसऱ्याच्या ‘बाकी एक’, तिसरीच्या ‘बाकी दोन’. डस्टर ‘बाकी शून्य’कडे. मग वर्गाने एकेक बिट ओरडायचा, शून्य किंवा एक. बायनरीत उजवीकडे नवा बिट लागला की आधीची संख्या दुप्पट होते आणि तो बिट तिच्यात मिळतो, एवढं सगळ्यांना येतं. तेव्हा ज्याच्या हातात डस्टर आहे त्याने आपली बाकी दुप्पट करायची, बिट मिळवायचा, तीन किंवा जास्त झाले तर तीन वजा करायचे आणि जी बाकी येईल तिच्याकडे डस्टर फेकायचा. समोरून आलं एक, शून्य, शून्य, एक, शून्य. डस्टर ‘एक’कडे गेला, तिथून ‘दोन’कडे, परत ‘एक’कडे, मग ‘शून्य’कडे, आणि शेवटच्या बिटाला तिथेच राहिला. कोणीतरी मोबाइलवर आकडा काढतं : अठरा. तिनाने भाग जातो.

खरी गंमत यानंतर. मागच्या बाकावरची पोरं चेव येऊन बिट ओरडत सुटतात. दोन मिनिटांत ती संख्या काय झाली हे वर्गात एकालाही सांगता येत नाही, कॅल्क्युलेटरवाल्यानेही हात टेकलेले असतात. पण तिला तिनाने भाग जातो की नाही, हे डस्टर कोणाच्या हातात आहे ते बघून कोणीही सांगतं. संख्या गेली, बाकी राहिली, आणि प्रश्नापुरती बाकीच पुरेशी होती.

वहीतले गोल म्हणजे ही मुलं आणि बाण म्हणजे डस्टरची फेक. गाइडमध्ये ‘क्यू, सिग्मा, डेल्टा, क्यू-नॉट, एफ’ अशी पाच अक्षरांची व्याख्या असते आणि मुलं ती आरतीसारखी पाठ म्हणतात. त्यातला क्यू म्हणजे यंत्र ज्या ज्या अवस्थांत असू शकतं त्यांचा संच. एका वेळी डस्टर एकाकडेच. अशा यंत्राला फायनाइट ऑटोमॅटन म्हणतात, आणि त्यातला फायनाइट हा शब्द स्मरणशक्तीला लावलेला आहे. मजकूर कितीही लांब येऊ दे, आठवण ठराविकच.

यानंतर मुलांना खिशातली कार्डं बाहेर काढायला लावते. पॅन सोपं आहे. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. एका रांगेत अकरा गोल आणि चुकलं की जाऊन पडायला एक डेड स्टेट. आधारचा नंबर जास्त रंगतो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो, व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने. पंचकोन फिरवायचे आणि उलटवायचे मिळून दहा प्रकार होतात, त्यांचा दहा बाय दहाचा एक तक्ता असतो आणि दर अंकाला त्या तक्त्यातली एक उडी घ्यायची. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तर ही पद्धत हमखास पकडते. मुलांना वाटतं एवढं गणित आलं म्हणजे मोठं यंत्र लागणार. मी विचारते, मधल्या एखाद्या अंकापाशी थांबलास तर काय लक्षात ठेवशील? कितवा अंक चालू आहे ते आणि तक्त्यात आपण कुठे आहोत ते. बारा जागा, प्रत्येक जागेला दहा शक्यता. सव्वाशेच्या आत गोल बसतात. कागदावर काढायला कंटाळवाणं, पण यंत्र त्याच जातीचं, तीन मुलांच्या आणि डस्टरच्या जातीचं.

लॅबमध्ये एक काम मी अभ्यासक्रमाबाहेरचं देते : मराठी शब्दाचे अक्षरांत तुकडे पाडणारं यंत्र. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, कॉम्प्युटरला सहा चिन्हं : स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी. कर्सरने कुठे थांबायचं, बॅकस्पेस दाबल्यावर किती खोडायचं, ओळ कुठे तोडायची नाही, हे सगळं त्यावर ठरतं. यंत्र अगदी लहान होतं, कारण लक्षात ठेवायचं असतं फक्त मागचं चिन्ह कोणत्या जातीचं होतं तेवढंच. व्यंजनानंतर मात्रा आली तर अक्षर तेच. हलंत आला तर पुढच्या व्यंजनाची वाट बघायची आणि ते आलं की जोडून घ्यायचं. व्यंजनानंतर सरळ व्यंजन आलं तर मध्ये रेघ मारायची. तासाभरात बहुतेकांचं चालतं.

मग मी ‘तऱ्हा’ द्यायला सांगते. एका बॅचमध्ये एका मुलीचं यंत्र हा शब्द बरोबर तोडायचं आणि तिच्या शेजारणीचं त्याच शब्दावर मरायचं. दोघींचे बाण ताडून पाहिले, सारखेच. स्क्रीनवर शब्दही सारखाच. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांनी शब्दातल्या चिन्हांचे नंबर छापून पाहिले. एकीने शब्द कीबोर्डवरून टाइप केला होता, दुसरीने कुठल्यातरी वेबसाइटवरून उचलला होता. हा आडवा झोपलेला र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. त्याला स्वतःचं एक चिन्ह आहे, ऱ. किंवा साध्या र खाली नुक्ता देऊन तोच ऱ होतो. दोन्हींपुढे हलंत लावायचा. तिसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारा, शून्य रुंदीचा एक जोडक. शेजारणीच्या यंत्रात त्या जोडकासाठी बाणच नव्हता, म्हणून ते बिचारं डेड स्टेटमध्ये जाऊन बसलं. सिग्मा म्हणजे यंत्रासमोर येऊ शकणाऱ्या चिन्हांची पूर्ण यादी, हे परीक्षेत सगळेच लिहितात. ती यादी आधी नीट करावी लागते, हे त्या दिवशी त्या बॅचला कळलं. पुढे त्यांच्यातल्या एकीने प्रोजेक्टमध्ये मराठी शब्दशोध केला, तेव्हा सगळ्यात आधी तिन्ही तऱ्हांचं एकच रूप करून घेतलं.

इथवर मुलं खूश असतात. मग येतो पंपिंग लेमा, आणि वर्गाचं तोंड उतरतं.

ए जितके, नंतर बी तितकेच, अशा शब्दांची भाषा कोणतंही फायनाइट ऑटोमॅटन ओळखू शकत नाही, म्हणजे ती ‘रेग्युलर’ नाही, हे दाखवायला सगळीकडे पंपिंग लेमा शिकवतात. बार-हिलेल, पर्लेस आणि शमीर यांच्या १९६१ च्या निबंधात तो आहे, पुस्तकांत आहे, पेपरातही येतो. शब्दाचे तीन तुकडे पाडून मधला वाढवत न्यायचा असतो, आणि त्यात ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘असा एक तरी’ हे एकाआड एक चार वेळा येतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. मुलं गाइडमधल्या ओळी पाठ करतात. एकदा ओरलला एक्स्टर्नल सरांनी एका मुलाला सहज विचारलं, ‘शब्दाची लांबी सम आहे, अशी भाषा रेग्युलर आहे का?’ दोन गोलांचं काम. मुलगा अडखळला नाही. ‘सर, समजा ती रेग्युलर आहे,’ म्हणून त्याने सुरुवात केली, शब्दाचे एक्स-वाय-झेड असे तुकडे स्वतःच पाडले, वायमध्ये एकच अक्षर घेतलं, ते दुप्पट केलं, लांबी विषम झाली, ‘म्हणून सर, नॉट रेग्युलर.’ सर माझ्याकडे बघत राहिले. तुकडे पाडायचा हक्क समोरच्याचा असतो, तो याने आपल्याकडे घेतला होता. गाइडमध्ये प्रत्येक उदाहरणात उत्तर ‘नॉट रेग्युलर’च येतं, त्यामुळे त्याला शंका येण्याचंही काही कारण नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या ओळखीला हा लेमा योग्य नाही. मी आधी मायहिल आणि नेरोड यांचं १९५७-५८ मधलं काम शिकवते, ते सरळ स्मरणशक्तीवर बोट ठेवतं. समजा तीन ए वाचून यंत्र एका गोलात आलं आणि पाच ए वाचूनही त्याच गोलात आलं. आता दोन्हींना पुढे तीन बी द्या. यंत्राला मागचं काही आठवत नाही, तेव्हा दोन्ही वेळा ते एकच उत्तर देणार. पण पहिल्याला ‘हो’ म्हणायला हवं आणि दुसऱ्याला ‘नाही’. म्हणजे तीन आणि पाच एका गोलात राहू शकत नाहीत. याच न्यायाने कोणतेही दोन आकडे राहू शकत नाहीत. आकडे अनंत, म्हणून गोलही अनंत लागतात. संपलं. हे मराठीत सांगायला पाच वाक्यं लागतात आणि मुलं एकमेकांना कँटीनमध्ये सांगू शकतात. लेमा नंतर परीक्षेपुरता घेते.

ठराविक आठवण कशी अपुरी पडते, हे मी नोकरीत पाहिलं होतं, पण त्या वेळी ते मला व्यवस्थापनाचं दुखणं वाटायचं. करारांच्या मजकुरातले कंस आणि त्यांतले पोटकंस शोधायला आमच्या टीमने एक रेगेक्स, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, लिहिलेलं होतं. एक कंस, त्यात दुसरा, इथपर्यंत ते नीट चालायचं. मग एखाद्या करारात तिसरा कंस निघायचा, तक्रार यायची आणि रेगेक्स एका ओळीने वाढायचं. चौथा निघाला की आणखी एक ओळ. ज्याने ते सुरू केलं तो कधीच दुसऱ्या कंपनीत गेला होता आणि उरलेल्यांपैकी कोणाची त्याला हात लावायची छाती नव्हती. कंसात कंस किती खोल जाणार हे आधीच ठरलेलं असेल तर गोल पुरतात, प्रत्येक पातळीला थोडे जास्त इतकंच. खोली ठरलेली नसेल तर ठराविक आठवण पुरणारच नाही. शेवटी उघडलेला कंस आधी मिटवायचा, अशी एकावर एक रचलेली आठवण लागते. टीओसीत याला स्टॅक म्हणतात आणि तो जोडलेल्या यंत्राला पुशडाउन ऑटोमॅटन. ते रेगेक्स दुरुस्त होण्यातलं नव्हतं, ते जातीनेच कमी पडत होतं. हे ज्याला माहीत आहे तो दोन दिवसांत लहानसा पार्सर लिहून मोकळा होतो.

रेग्युलर, तिच्या वर स्टॅकवाली, अशा भाषांच्या पायऱ्या नोम चॉम्स्कीने १९५६ मध्ये मांडल्या, माणसांच्या भाषेचा विचार करताना. त्यांतली मधली, स्टॅकवाली पायरी प्रोग्रामिंगवाल्यांच्या कामाला आली. जॉन बॅकसने १९५९ मध्ये जवळपास चॉम्स्कीच्या नियमांसारखंच लेखन नव्या प्रोग्रामिंग भाषेसाठी वापरलं आणि पीटर नाउरने संपादित केलेल्या अल्गोल ६० च्या अहवालाने ते रूढ झालं. हे सांगितलं की वर्गातला कोणीतरी पाणिनीचं नाव काढतोच, आणि ते योग्यच आहे. पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ला पत्र लिहून या लेखनपद्धतीला पाणिनी-बॅकस रूप म्हणावं असं सुचवलं होतं. त्यापुढे मात्र ‘नासा संस्कृतमध्ये प्रोग्राम लिहितं’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड येतो, तिथे मी थांबवते. ज्यावरून हा फॉरवर्ड निघाला तो रिक ब्रिग्ज यांचा १९८५ चा लेख ज्ञान कसं मांडावं याबद्दल होता आणि अशा प्रोग्रामांचा त्यात पत्ता नाही. अष्टाध्यायीतला नियम कोणत्या क्रमाने लागतो, एक नियम दुसऱ्याला कसा अडवतो, हे बघितलं तर अभिमान वाटायला भरपूर जागा आहे, त्यासाठी नासाची गरज नाही.

मशीन लर्निंगसाठी जीव टाकणाऱ्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगते. ते ज्या न्यूरल नेटवर्कच्या मागे आहेत त्याचा आणि या गोल-बाणांचा उगम एकच आहे. मॅक्युलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मेंदूतल्या पेशींचं एक साधं गणिती रूप मांडलं. स्टीफन क्लेनीने १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये त्याच जाळ्यांचा अभ्यास करताना, ती काय काय ओळखू शकतात हे लिहायला रेग्युलर एक्स्प्रेशन काढली. रेगेक्स आधी मेंदूसाठी होतं, ईमेलचा पत्ता तपासायला आपण ते फार नंतर जुंपलं.

रॅबिन आणि स्कॉट यांचा १९५९ चा निबंध मला या सगळ्यात जास्त आवडतो. त्यांनी यंत्राला एका चिन्हावर एकाच वेळी अनेक बाण घ्यायची मुभा दिली. मुलांना हा नॉनडिटरमिनिझम लबाडी वाटतो, ‘मॅडम, यंत्राला कसं कळणार कोणता बाण घ्यायचा?’ त्याला कळायला नकोच. ज्या ज्या गोलांत असणं शक्य आहे त्या सगळ्यांवर एकाच वेळी बोट ठेवून पुढे जायचं. शेवटून दहावं अक्षर ए आहे का, हे ओळखायला असं यंत्र अकरा गोलांत बसतं. एका वेळी एकाच गोलात राहायची सक्ती केली तर एक हजार चोवीस लागतात, कारण शेवटची दहा अक्षरं जशीच्या तशी लक्षात ठेवावी लागतात, शब्द कधी संपेल ते आधी माहीत नसतं. कितीही वाढले तरी गोल सांतच राहतात. या कल्पनेसाठी दोघांना १९७६ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. केन थॉम्प्सनने १९६८ मध्ये मजकूर शोधण्याची पद्धत लिहिली ती अशीच, सगळ्या शक्यता बरोबर घेऊन चालणारी. मजकूर दुप्पट झाला तर वेळही साधारण दुप्पट. पण पुढे रेगेक्समध्ये सोयी वाढत गेल्या, मागे सापडलेल्या तुकड्याचा पुन्हा संदर्भ घेता येऊ लागला. तिथे ते क्लेनीचं रेगेक्स उरलं नाही. मग बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांनी एक वाट धरायची, जमलं नाही तर मागे फिरून दुसरी धरायची, हा मार्ग पत्करला. एरवी ते खपून जातं. २० जुलै २०१६ ला खपलं नाही. मुलं ज्या स्टॅक ओव्हरफ्लोवरून असाइनमेंट उतरवतात तीच साइट ३४ मिनिटं बंद पडली. ओळीच्या दोन टोकांच्या मोकळ्या जागा छाटणारं एक साधं रेगेक्स होतं आणि कोणाच्यातरी मजकुरात मधोमध सलग सुमारे वीस हजार स्पेस होते. यंत्र पहिल्या स्पेसपासून शेवटपर्यंत जायचं, ओळ संपत नाही म्हणून मागे यायचं, मग दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून. वीस हजार अधिक एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव अधिक... बेरीज जवळजवळ वीस कोटी. तो मजकूर साइटच्या पहिल्याच पानावर दिसत असल्यामुळे प्रत्येक भेटीला ही बेरीज नव्याने. वर्गात हे गणित मी मुलांकडूनच करून घेते. हेच काम गोलांवर बोट ठेवून केलं असतं तर वीस हजार पावलांत झालं असतं. २ जुलै २०१९ ला इतरांच्या साइट पोचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका रेगेक्सने असाच प्रकार केला, तिथे २७ मिनिटं गेली आणि जगातल्या कितीतरी साइट त्याबरोबर गेल्या.

ट्युरिंग मशीन मी सेमिस्टरच्या शेवटी घेते, सबमिशनच्या गडबडीत. अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ च्या मे महिन्यात या यंत्राचा निबंध छापायला दिला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्या यंत्राला हवी तेवढी पट्टी आहे, पुढे-मागे जायची सोय आहे, स्मरणशक्तीची कसलीच अडचण नाही. आणि नेमकं तिथेच वेगळ्या तऱ्हेचं अशक्य भेटतं. कोणताही प्रोग्राम आणि त्याचा इनपुट दिला की तो थांबेल की नाही हे दर वेळी बरोबर सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही. असता तर त्यालाच पोटात घेऊन दुसरा प्रोग्राम लिहिता आला असता : ‘माझ्याबद्दल तू थांबेल म्हणालास की मी फिरत बसेन, फिरेल म्हणालास की लगेच थांबेन.’ आमच्याकडच्या पोरांना हा युक्तिवाद पटकन कळतो. सांगितलेल्याच्या बरोबर उलट करणारं एखादं माणूस प्रत्येकाच्या घरात असतं.

एका वर्षी एका मुलाने हात वर केला. ‘मॅडम, पण माझ्या लॅपटॉपची मेमरी आठ जीबी आहे. अनंत कुठं आहे? म्हणजे तोही फायनाइट ऑटोमॅटनच की. मग थांबेल की नाही हे कळायला पाहिजे.’ प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मी त्याला गोल मोजायला लावलं. आठ जीबी म्हणजे दोनाचा छत्तीसावा घात इतके बिट, सहा हजार आठशे एकाहत्तर कोटींहून जास्त. प्रत्येक बिट शून्य किंवा एक, म्हणजे गोल किती, तर दोनाचा तितकावा घात. ती संख्या नुसती लिहायची म्हटली तरी दोन हजार कोटींहून जास्त अंक होतात. एखादी अवस्था पुन्हा आली की लूप पकडला, हे तत्त्वतः खरं आहे. ‘थांबा, मोजतो,’ असं तो म्हणाला आणि हसून बसला. पुढच्या वर्षी त्याने हाच प्रश्न ज्युनिअर्सना विचारायला सुरुवात केली.

गेल्या काही वर्षांत या प्रकरणाशी माझी गाठ वर्गाबाहेर पडली. प्रॅक्टिकलचे प्रोग्राम आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर घ्यायचं कॉलेजने ठरवलं आणि समितीत मला घेतलं. एका कंपनीचा प्रतिनिधी चकचकीत स्लाइड घेऊन आला. ‘इन्फिनिट लूप आम्ही प्रोग्राम चालवायच्या आधीच डिटेक्ट करतो, हंड्रेड पर्सेंट.’ मी त्याला फळ्यावर पाच-सहा ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, एकावर आलात की थांबा. सत्तावीसपासून निघालं तर हा प्रोग्राम नऊ हजार दोनशे बत्तीसपर्यंत चढतो आणि १११ पावलांनी एकावर येतो. प्रत्येक संख्येला तो थांबतो का, हा कोलाट्झचा प्रश्न आजवर कोणाला सुटलेला नाही. तुमचं सॉफ्टवेअर काय म्हणतं, असं विचारल्यावर तो ‘आमच्या टेक्निकल टीमशी बोलून कळवतो’ म्हणाला. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांना हा अडवणुकीचा प्रकार वाटला. त्यांचं म्हणणं होतं, ‘आपल्याला कोलाट्झ कुठं तपासायचाय? पोरांचे बबल सॉर्ट तपासायचेत.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. माझं भांडण सॉफ्टवेअरशी नव्हतं, त्या शंभर टक्क्यांशी होतं. विद्यार्थ्याचा प्रोग्राम आणि आपला नमुना प्रोग्राम प्रत्येक इनपुटला सारखंच वागतात का, हेही सरसकट ठरवता येत नाही. प्रोग्रामच्या वागण्याबद्दलच्या असल्या प्रश्नांवर हेन्री राइस यांचं १९५३ चं प्रमेय आहे. मग निवडक इनपुट द्यायचे, वेळेची मर्यादा घालायची आणि निकाल अंदाजाचा आहे हे मान्य करायचं, एवढंच हातात राहतं. जगभरच्या कोडिंग स्पर्धा तेच करतात.

शेवटी आम्ही शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून घरचंच बनवून घेतलं. मर्यादा दोन सेकंदांची. मुलांनी पहिल्या मसुद्यात दोनच निकाल ठेवले होते, बरोबर आणि चूक. वेळ संपली की चूक. टीओसी नुकताच देऊन आलेल्या एका मुलीने त्यावर हरकत घेतली. वेळ संपली म्हणजे प्रोग्राम चुकला असं सिद्ध होत नाही, आपल्याला कळलं नाही एवढंच सिद्ध होतं, असं तिचं म्हणणं. तिच्या हट्टापायी तिसरा निकाल आला : ‘ठरवता आलं नाही’. तो लागला की प्रोग्राम आपोआप शिक्षकाकडे जातो आणि शिक्षकाने तो डोळ्यांनी वाचायचा. पहिल्याच परीक्षेत या तिसऱ्या खणात चांगला ढीग साचला. बहुतेकांत लूपची अट चुकलेली होती, काही नुसतेच संथ होते, आणि एकाने मुद्दाम कोलाट्झ लिहून पाठवला होता.

आता शिक्षकांची तक्रार आहे की वाचायचं काम वाढलं, आणि परीक्षा विभागाला तिसऱ्या निकालाचे मार्क किती धरायचे ते लेखी हवं आहे. शून्य द्यावेत असं काहींचं मत आहे, निम्मे द्यावेत असं काहींचं. पुढची बैठक मंगळवारी आहे.